व्हेसुव्हियसच्या हवेच्या तोफा

दाबमापक (धागाकर्ता)

माझी नोकरीची एकतीस वर्षं काँप्रेसर हाऊसमध्ये गेली. कारखान्यात आम्ही 'सात किलोची लाइन' म्हणायचो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सात किलो दाब. त्या सात किलोवर हातोडे चालतात, नट आवळले जातात, प्रेसचे क्लच बसतात. रबरी होज कपलिंगमधून निसटून जमिनीवर सापासारखा आपटताना आणि लोखंडी कपाटाला खोल पोचा पाडताना मी एकदा डोळ्यांनी पाहिलाय. त्यामुळे सत्तर किलो दाबाच्या हवेवर तोफा चालवणारं एक लढाऊ जहाज खरोखर होतं, हे वाचलं तेव्हा मला आधी त्या टाक्यांची, सांध्यांची आणि झडपांची काळजी वाटली. मग महिनाभर मी त्याच विषयात होतो.

जहाजाचं नाव 'व्हेसुव्हियस'. अमेरिकी नौदलाचं. फिलाडेल्फियाच्या क्रॅम्प गोदीत बांधलं, एप्रिल १८८८ मध्ये पाण्यात उतरलं, जून १८९० मध्ये सेवेत आलं. लांबी २५२ फूट, वजन साधारण ९३० टन, वेग २१ नॉट. त्या काळी हा वेग फार मोठा. चणीने सडपातळ, एखाद्या खासगी यॉटसारखं. पण पुढच्या डेकमधून तीन जाड नळ्या तिरक्या बाहेर आलेल्या, एकमेकींना चिकटून. त्या तोफा. प्रत्येकीचं तोंड १५ इंचांचं, लांबी ५५ फूट. त्यातले जेमतेम पंधरा फूट डेकच्या वर, बाकीची नळी जहाजाच्या पोटात.

हे असं का केलं, ते समजून घ्यायचं तर डायनामाइटची अडचण समजून घ्यायला हवी. नोबेलने १८६७ साली डायनामाइटचं पेटंट घेतलं. तोफगोळ्यात तोवर साधी काळी दारूच भरत. डायनामाइटची ताकद तिच्या कितीतरी पट. साहजिकच प्रत्येक देशाच्या तोफखान्याला ते गोळ्यात भरायचं होतं. पण तोफ उडवली की मागून दारूचा जो धक्का बसतो, त्याने नायट्रोग्लिसरीन तोफेच्या नळीतच फुटायचं. तोफ आणि तोफची दोन्ही जायचे.

मग प्रश्न असा उरला, की गोळा फेकायचा पण त्याला हिसका बसू द्यायचा नाही. ओहायोच्या मेफर्ड नावाच्या गृहस्थाने १८८३-८४ च्या सुमारास दोन इंची तोफेतून दाबलेल्या हवेने गोळा फेकून दाखवला. ती कल्पना हातात घेऊन तिला खऱ्या शस्त्राचं रूप दिलं एडमंड झालिन्स्की या तोफखान्याच्या लेफ्टनंटने. हा मूळचा पोलंडचा, लहानपणी अमेरिकेत आलेला, आणि पंधराव्या वर्षी यादवी युद्धात सैन्यात दाखल झालेला माणूस. त्याने नळी लांब केली, झडपा सुधारल्या, गोळ्याच्या डोक्यात विजेवर चालणारी फ्यूज बसवली. सप्टेंबर १८८७ मध्ये न्यूयॉर्क बंदरात त्याच्या आठ इंची हवेच्या तोफेने 'सिलिमन' नावाची सर्वेक्षण खात्याची जुनी शिडाची नौका उडवून बुडवून दाखवली. व्हेसुव्हियसचं कंत्राट त्याआधीच, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत झालं होतं.

आता आतली रचना. बॉयलरच्या वाफेवर दोन काँप्रेसर चालत. ते टाक्यांत हवा भरत, दर चौरस इंचाला १००० पौंड, म्हणजे आपल्या भाषेत सत्तर किलो. प्रत्येक नळीचा खालचा भाग बिजागरीवर खाली झुके. डेकखाली पिस्तुलाच्या चक्रासारखं फिरणारं मोठं चक्र, त्यात गोळे. चक्रातला गोळा नळीत सरकवायचा, नळी पुन्हा वर जोडायची, झडप उघडायची. दर तोफेला दहा गोळे, म्हणजे जहाजावर एकूण तीसच. मोठा गोळा सात फूट लांब, ९८० पौंड वजनाचा, त्यात ५०० पौंड 'ब्लास्टिंग जिलेटिन'. हे डायनामाइटपेक्षा थोडं शांत, पण दारूचा धक्का सोसणारं नव्हे. सर्वांत लांब, म्हणजे दीड मैलावर मारायचं तर २०० पौंड स्फोटकाचा हलका गोळा वापरत. नळीला आतून गोळ्याला फिरकी देणारे आटे नव्हते, म्हणून गोळ्याच्या शेपटीला तिरके पंख, बाणाच्या पिसांसारखे.

आणि मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट: नळ्या डेकला पक्क्या. १६ अंशांवर बसवलेल्या, ना वर-खाली होत, ना डावी-उजवीकडे. दिशा बदलायची तर अख्खं जहाज वळवायचं. अंतर बदलायचं तर झडपेतून किती हवा सोडायची ते बदलायचं. २०० यार्डांपासून दीड मैलापर्यंतचा सगळा पल्ला त्या एका झडपेवर.

१८९८ मध्ये स्पेनशी युद्ध पेटलं आणि हे जहाज क्युबाला गेलं. सांतियागो बंदरात स्पॅनिश आरमार अडकलेलं, बाहेर अमेरिकी नाकेबंदी. १३ जूनपासून रात्रीच्या अंधारात व्हेसुव्हियस किनाऱ्याजवळ सरकायचं, दोन-चार गोळे टाकायचं आणि मागे फिरायचं. अशा आठ फेऱ्या झाल्या. नेहमीच्या तोफेचा लखलखाट आधी दिसतो, गडगडाट ऐकू येतो, मग माणूस आडोसा शोधतो. इथे ना उजेड, ना धूर, ना आवाज. जहाजावर नुसता हवेचा सुस्कारा, आणि किनाऱ्यावर एकदम डोंगर हादरवणारा स्फोट.

युद्ध संपलं आणि सप्टेंबर १८९८ मध्ये जहाज सेवेतून काढलं. त्या तोफा पुन्हा कधी लढल्या नाहीत.

इंटरनेटवर हे जहाज 'विचित्र शस्त्रं' अशा याद्यांमध्ये टाकून त्याला हसतात. ते मला खरंच लागतं. ज्यांनी हे केलं त्यांच्यापुढे खरी अडचण होती आणि त्यांनी तिला चालणारं उत्तर दिलं. जाणकारांनी भर घालावी.

---

कोकणी_तांडेल

लेख वाचून संपल्यावर पहिला विचार सुकाणूवरच्या माणसाचा आला. तोफ जहाजाला जखडलेली, म्हणजे नेम धरणारा तोच. आमची मासेमारीची बोट. लाटेवर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, किती वर-खाली होते ते रोज बघतो. शांत समुद्रातसुद्धा ती एका जागी राहत नाही. बरं, नळ्या १६ अंशांवर पक्क्या, पण नाळ दोन अंश उचलली की त्या १८ वर गेल्याच ना? मग गोळा कुठे पडायचा?

---

दाबमापक

तांडेल, तुम्ही नेमकं दुखणं पकडलंत. गोळा सोडायचा क्षण लाटेवर नाळ कुठे आहे ते बघूनच साधावा लागे, आणि झडप उघडल्यावर गोळा नळीबाहेर पडायला लागणारा वेळही जमेला धरावा लागे. मुक्कामावरच्या चाचण्यांत, सपाट पाण्यात, ठरलेल्या अंतरावर गोळे बरे पडले. उघड्या समुद्रात हलत्या जहाजावर मारणं ही वेगळीच गोष्ट. आकडे कुणी काढून दिले तर बरं होईल, माझं गणित कामापुरतं.

---

गणितवाली

काका, काढले. सोपं ठेवते, हवेचा अडथळा धरत नाही.

१५ इंची नळीचं तोंड म्हणजे सुमारे ०.११४ चौरस मीटर. १००० पौंडांचा दाब म्हणजे साधारण ६९ बार. गोळ्याच्या बुडावर जोर पडतो जवळजवळ ७,९०,००० न्यूटन, म्हणजे ८० टन वजनाएवढा. गोळा ४४५ किलोचा. त्वरण निघतं गुरुत्वाच्या १८० पट. पूर्ण ५५ फूट हाच दाब टिकला असं धरलं तर गोळा नळीत सेकंदाच्या सातव्या भागाइतका वेळ राहतो आणि सेकंदाला सुमारे २४० मीटर वेगाने बाहेर पडतो. प्रत्यक्षात हवा पसरत जाते तसा दाब घटतो, म्हणून वेग याहून कमीच.

आता त्या काळच्या दारूच्या मोठ्या तोफेशी ताडून बघा. गोळा सेकंदाला ६०० मीटर वेगाने निघतो आणि नळी साधारण दहा मीटरची. सरासरी त्वरण गुरुत्वाच्या १८०० पट येतं, आणि सुरुवातीचा हिसका सरासरीच्या कितीतरी वर. म्हणजे हवेच्या तोफेत स्फोटकाला बसणारा धक्का दहाव्या हिश्शाहूनही कमी. ५५ फुटांची नळी कशासाठी, हे इथे कळतं. थोडा जोर, पण जास्त अंतरभर.

तांडेलदादांच्या प्रश्नाचं उत्तर. १६ अंशांवर कोन एका अंशाने बदलला तर पल्ला साडेपाच टक्के बदलतो. दोन किलोमीटरवर नेम असेल तर गोळा ११० मीटर पुढे किंवा मागे. दोन अंशांना त्याच्या दुप्पट. दिशेत एक अंश चुकला तर त्याच अंतरावर ३५ मीटर. म्हणजे सुकाणूपेक्षा लाटेने नेम जास्त बिघडायचा. बंदर किंवा किल्ला एवढं मोठं लक्ष्य असेल तर चालून जातं. शंभर मीटर लांबीचं, चालतं जहाज मात्र सापडणं कठीण.

---

कोकणी_तांडेल

११० मीटर! आता नीट समजलं. म्हणूनच किनाऱ्यावर वापरलं. धन्यवाद ताई.

---

शिवडीकर

या जहाजाचा उदो-उदो जरा आवरता घ्यावा असं मला वाटतं. सांतियागोच्या आठ रात्रींत त्याने नक्की काय साधलं? बंदर पडलं नाही. किनाऱ्यावरच्या तोफा बंद पडल्या नाहीत. ३ जुलैला स्पॅनिश आरमार बाहेर आलं तेव्हा त्याचा निकाल नेहमीच्या तोफांनी लावला. डोंगरात मोठे खड्डे पाडले आणि शिपायांची झोप उडवली, एवढंच हाती लागतं. संरक्षणाला जहाजावर तीन पौंडी गोळ्याच्या तीन छोट्या तोफा, बाकी काही नाही. दिवसाउजेडी ते किनाऱ्याच्या दीड मैलांत गेलं असतं तर परत आलं नसतं. शस्त्र रात्रीच वापरता येतं आणि नेम लागत नाही, तर ते शस्त्र फसलं असंच म्हणावं लागेल.

---

दाबमापक

शिवडीकर, तुमचा प्रत्येक मुद्दा मान्य. युद्धाच्या हिशेबात त्याची बाजू रिकामीच आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. यंत्र म्हणून ते चाललं. सत्तर किलोच्या टाक्या, तीन मोठ्या झडपा, बिजागरीवर दुमडणारी तोफ, हे सगळं १८९० साली, आजचं वेल्डिंग नव्हतं त्या काळात. सांधे रिव्हेटचे आणि बोल्टचे. खाऱ्या हवेत, हादरणाऱ्या जहाजात. आम्हाला सात किलोच्या लाइनवरची गळती शोधताना साबणाचं पाणी लावत फिरावं लागायचं. आणि त्या लोकांनी शेकडो पौंड जिलेटिन नळीतून फेकलं, एकदाही नळीत फुटू दिलं नाही. ज्या एका कारणासाठी ही तोफ जन्माला आली, ते तिने पुरं केलं.

---

रसायन_मास्तर

मूळ लेखात एक दुवा राहिला आहे, तो जोडतो. ही तोफ कालबाह्य झाली त्यात लाट आणि नेम ही कारणं आहेतच, पण तिच्या पायाखालची जमीन रसायनशास्त्राने काढून घेतली.

पिक्रिक आम्ल हा पिवळा रंग. रेशीम रंगवायला वापरत. १८८५ मध्ये फ्रान्समध्ये तुर्पँ याने दाखवून दिलं की हे आम्ल दाबून किंवा वितळवून ओतून गोळ्यात भरलं तर तोफेचा धक्का सोसतं आणि लक्ष्यावर जोरदार फुटतं. फ्रेंचांनी त्याला मेलिनाइट म्हटलं. ब्रिटिशांनी १८८८ पासून तेच लिडाइट नावाने घेतलं, केंटमधल्या लिड गावी चाचण्या झाल्या म्हणून. वर्ष बघा. व्हेसुव्हियस पाण्यात उतरलं तेच वर्ष. जहाज सेवेत येईपर्यंत ज्या अडचणीसाठी ते बांधलं, तीच सुटत आली होती.

पिक्रिक आम्लालाही खोड होती. धातूशी संयोग होऊन त्याचे क्षार बनतात आणि ते फार नाजूक असतात, म्हणून गोळ्याला आतून लाखेचा किंवा कथलाचा लेप लागे. नंतर अमेरिकेने अमोनियम पिक्रेट घेतलं, जर्मनीने १९०२ च्या सुमारास टीएनटी. टीएनटी तर इतकं शांत, की वाफेवर वितळवून बादलीने ओतता येतं.

दुसऱ्या बाजूला धूर न करणारी दारू आली. फ्रान्समध्ये १८८४, ब्रिटनचं कॉर्डाइट १८८९. ही दारू सावकाश जळते, एकदम तडाखा न देता नळीभर ढकलत राहते. म्हणजे झालिन्स्कीने ५५ फुटी नळी आणि हवेच्या टाक्या वापरून जे मिळवलं, त्यातलं बरंचसं दारूनेच करून दिलं. पल्लाही दहा-दहा किलोमीटरचा झाला. दीड मैलावर थांबणाऱ्या तोफेला मग जागा उरली नाही.

दहावीच्या मुलांना स्फोटकांचं रसायन सांगताना यापुढे मी हेच उदाहरण देणार आहे.

---

शिवडीकर

मास्तर, हे पटलं. 'फसलं' हा शब्द मागे घेतो.

---

मराठी_जर्सीकर

मी न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो, त्यामुळे दोन गोष्टी घराजवळच्या.

पहिली, सँडी हुक. न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी वाळूची लांब पट्टी आहे. उन्हाळ्यात आम्ही मुलांना घेऊन तिथे समुद्रावर जातो. तिथे किनारा राखायला अमेरिकी लष्कराने १८९४ च्या सुमारास झालिन्स्कीच्याच तोफा बसवल्या होत्या, दोन १५ इंची आणि एक ८ इंची. सॅन फ्रान्सिस्कोला प्रेसिडियोतही तीन होत्या. जमिनीवर लाट नाही आणि तोफ फिरवता येते, त्यामुळे गणितवाली ताईंनी सांगितलेली अडचण तिथे नव्हती. पण प्रत्येक ठिकाणी हवा दाबायला बॉयलर आणि काँप्रेसरचं अख्खं घर लागायचं. दहाएक वर्षांत सगळ्या भंगारात गेल्या.

दुसरी मला जास्त जवळची. पॅटरसन गावात एक संग्रहालय आहे, तिथे 'फीनियन रॅम' ही पाणबुडी ठेवली आहे. जॉन हॉलंड या आयरिश शाळामास्तराने ती बांधली, १८८१ मध्ये पाण्यात उतरवली. पैसे दिले आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या फीनियन मंडळींनी, ब्रिटिश जहाजं बुडवायला. ३१ फूट लांब, तीन माणसांची. आणि तिच्या नाळेत नऊ इंची हवेची तोफ! पाण्याखालून गोळा सोडायची. पहिल्या चाचणीला लागणारे रिकामे गोळे जॉन एरिक्सनने दिले होते, 'मॉनिटर' हे चिलखती जहाज बांधणारा तोच. पहिला गोळा पाण्यातून सरळ जायच्या ऐवजी उसळून हवेत गेला आणि खाली येऊन चिखलात रुतला.

पुढे पैशांवरून भांडण झालं आणि १८८३ च्या नोव्हेंबरमध्ये एका रात्री फीनियन मंडळींनीच ती पाणबुडी ओढून पळवली. पण ती त्यांना चालवता येईना आणि हॉलंडने मदत करायचं नाकारलं. ती पडून राहिली म्हणून आज बघायला मिळते. हॉलंड मात्र थांबला नाही. अमेरिकी नौदलाने १९०० मध्ये घेतलेली पहिली पाणबुडी त्याचीच, आणि तिच्याही नाळेत टॉर्पेडोच्या नळीबरोबर एक डायनामाइट तोफ होती, आठ इंचांहून थोडी मोठी.

आपल्याकडेही तेव्हा क्रांतिकारक होते आणि राज्य ब्रिटिशांचंच होतं. ती गंजलेली, माशाच्या आकाराची बोट पहिल्यांदा बघितली तेव्हा मी बराच वेळ तिथून हललो नाही.

---

सायली_वि

भोळा प्रश्न विचारते. जहाजावर वाफ तर आयतीच तयार. मग वाफेने आधी काँप्रेसर चालवायचा, काँप्रेसरने हवा दाबायची, आणि मग ती तोफेत सोडायची, हा द्राविडी प्राणायाम कशाला? थेट वाफच का नाही सोडली?

---

दाबमापक

सायलीताई, प्रश्न एकदम बरोबर आहे. दोन कारणं. एक, वाफ तापलेली असते आणि नायट्रोग्लिसरीनच्या कुटुंबातल्या स्फोटकाला ती उष्णता अजिबात मानवत नाही. दुसरं, ५५ फुटांच्या थंड लोखंडी नळीत वाफ शिरली की भिंतींवर तिचं पाणी होतं आणि दाब ढासळतो. हवा तशी दगा देत नाही. टाकीत भरून ठेवली की रात्रभर तयार.

पण निव्वळ वाफेची तोफ याच्या साठेक वर्षं आधी झाली होती. जेकब पर्किन्स हा अमेरिकी माणूस लंडनमध्ये राहायचा. त्याने पाणी बंद भांड्यात प्रचंड दाबाखाली तापवलं आणि त्या वाफेने बंदुकीच्या गोळ्या एकामागून एक फेकणारं यंत्र केलं. डिसेंबर १८२५ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनसमोर ते चालवून दाखवलं. मशीनगनच्या कितीतरी आधी गोळ्यांची अशी धार पाहून लोक चकित झाले. सैन्याने ते घेतलं नाही. बॉयलर, कोळसा आणि पाणी घेऊन रणांगणावर कोण फिरणार? जहाजावर या तिन्ही गोष्टी असतात, पण १८२५ साली लढाऊ जहाजं शिडांचीच होती. ते यंत्र पुढे लंडनच्या ॲडलेड गॅलरीत लोकांना दाखवण्यापुरतं उरलं.

---

ब्रिस्टलहून_मेधा

वाफेची आरमारी तोफ नंतर खरंच झाली आणि युद्धातही उतरली. इथून खाली कॉर्नवॉलला गेलं की कॅम्बोर्न गाव लागतं. कथलाच्या आणि तांब्याच्या खाणींचा मुलूख. तिथे होल्मन ब्रदर्स ही कंपनी खडक फोडायचे हवेवरचे ड्रिल बनवायची. १९४० मध्ये जर्मन विमानं ब्रिटनची छोटी व्यापारी आणि मासेमारीची जहाजं बुडवत होती आणि विमानविरोधी तोफा पुरेशा नव्हत्या. होल्मनने आपल्याला येत होतं तेच केलं. साडेचार फुटांची नळी, खाली दाबलेली हवा, आणि वरून टाकायचा हातबॉम्ब.

युक्ती बघा. मिल्स हातबॉम्बची पिन काढून तो पत्र्याच्या डब्यात बसवत, म्हणजे त्याची दांडी डब्याच्या भिंतीने दाबलेली राहायची. हवेच्या धक्क्याने डबा वर उडाला की बॉम्ब डब्यातून सुटा व्हायचा, दांडी उघडायची आणि तीन-चार सेकंदांनी आकाशात फुटायचा. बऱ्याच जुन्या ट्रॉलर वाफेवर चालायच्या, म्हणून नंतर थेट बॉयलरची वाफ घेणारा नमुना काढला. सायली, तुझा प्रश्न त्यांनी असा सोडवला. हातबॉम्बमधलं स्फोटक वाफेच्या त्या क्षणभराच्या उष्णतेला दाद देत नाही, आणि नळी इतकी आखूड की वाफेचं पाणी व्हायला वेळच नाही.

विमानं फार पडली असं नाही. पण खाली येणाऱ्या वैमानिकाला समोर काहीतरी फुटताना दिसलं की तो वर राहायचा, आणि वरून टाकलेला बॉम्ब चुकायचा. चर्चिलसमोर चाचणी होती तेव्हा हातबॉम्ब पोचलेच नव्हते, मग बिअरच्या बाटल्या उडवून दाखवल्या. रिकाम्या वेळात खलाशी एकमेकांच्या जहाजांवर बटाटे मारायचे. माझ्या इथल्या शेजारच्या आजोबांनी बटाट्यांची गोष्ट सांगितली तेव्हा मला ती खोटी वाटली होती.

---

जुना_नौसैनिक

बरेच दिवस नुसतं वाचत होतो, पण मेधाताईंचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. नौदलातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली.

ही विद्या मेली असं समजू नका. पाणबुडीतून टॉर्पेडो बाहेर काढायला दाबलेली हवाच पिढ्यान् पिढ्या वापरली. टॉर्पेडोचा जनक व्हाइटहेड, त्याचा मूळचा टॉर्पेडो पोटात भरलेल्या हवेवरच चालायचा. हॉलंडच्या पाणबुडीत टॉर्पेडोची नळी आणि हवेची तोफ शेजारी शेजारी होत्या, त्यांतली टॉर्पेडोची नळी टिकली.

आणि वाफेची एक प्रचंड 'तोफ' मुंबईत होती. आपलं जुनं विमानवाहू जहाज 'विक्रांत'. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टला नौदलात दाखल झालं. त्यावर वाफेचं कॅटापल्ट होतं. डेकखाली लांब सिलिंडर, वरून आडवी चीर, आत पिस्टन. पिस्टनचा हूक चिरेतून वर येतो आणि विमानाला पकडतो. बॉयलरची वाफ सोडली की काही सेकंदांत विमान उडण्याच्या वेगाला पोचतं. चीर उघडी असून वाफ गळू द्यायची नाही, ही त्यातली खरी करामत. ब्रिटिश नौदलाच्या कॉलिन मिचेलने ती साधली, १९५० पासून 'पर्सियस' जहाजावर चाचण्या झाल्या. लांब नळी, बेताचा दाब, सलग ढकलणं. वर गणितवाली ताईंनी जे लिहिलं तेच. गोळ्याच्या जागी विमान, आणि जपायचं स्फोटकाला नव्हे, वैमानिकाला.

१९७१ च्या युद्धात विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेले होते. जहाजाचा वेगही वाफेवर आणि कॅटापल्टही वाफेवर. विमान उडवायला डेकवर समोरून वारा हवा, त्यासाठी वेग हवा, वेगासाठी वाफ हवी. त्या अवस्थेत बंगालच्या उपसागरात सी हॉक आणि अलिझे ही विमानं उडवली. बॉयलर रूममधल्या लोकांबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो शब्दांत येत नाही. दाबमापक, तुमच्यासारख्यांना तो कळेल.

पुढे स्की जंप, म्हणजे डेकच्या टोकाला वर वळलेला चढ, बसवताना कॅटापल्ट काढलं. मुंबईत ते संग्रहालय होतं तेव्हा नातवाला घेऊन गेलो आणि डेकवर ती चीर कुठून कुठवर होती ते त्याला पावलांनी मोजून दाखवलं. २०१४ मध्ये जहाज तोडायला घेतलं.

---

दाबमापक

साहेब, प्रतिसाद दोनदा वाचला. बॉयलर अटेंडंटचं नाव कुठल्याच इतिहासात येत नाही. इथे त्यांची आठवण काढलीत, बरं वाटलं.

---

कोकणी_तांडेल

त्या व्हेसुव्हियसचं पुढे काय झालं? तेही तोडलं का?

---

दाबमापक

तोफा काढून त्याला टॉर्पेडोच्या चाचण्यांचं जहाज केलं. ऱ्होड आयलंडला, न्यूपोर्टच्या टॉर्पेडो केंद्रात. १९१५ मध्ये त्यानेच सोडलेला एक टॉर्पेडो गोल फिरून परत आला आणि त्यालाच भोक पाडलं. बुडू नये म्हणून प्रुडन्स बेटाच्या किनाऱ्यावर चढवलं. पुन्हा दुरुस्त करून आणखी काही वर्षं वापरलं आणि १९२२ मध्ये भंगारात विकलं. तोफांपैकी काही कुठे जपून ठेवलं असेल तर मराठी_जर्सीकरांनी शोधावं. मला त्या झडपेचा एक चांगला फोटो हवा आहे.